सुकडीच्या शेडातली डाळ

मी लातूरला राहते, म्हणजे डाळीच्याच गावात. सकाळी खिडकीच्या गजांवर मिलमधून उडालेला भुसा बसलेला असतो. तो मी रोज पुसते आणि पुसताना रोज शिव्या घालते. एवढ्या डाळीत राहून मला इथली डाळ आवडत नाही म्हटलं की सून हसते. "आई, तुमच्या जिभेचं वय झालं." असेल बाई, झालं असेल. पण जिभेला जी चव आठवते ती आठवते, त्याला मी काय करू? ती डाळ आमच्या गावात, मुरुडच्या पलीकडं, एका पत्र्याच्या शेडात एकच हंगाम झाली. पुन्हा झाली नाही. होत राहिली असती तर माझे बाबा घरी आले असते. गोष्ट एवढीच आहे, पण अजून मला ती गिळता येत नाही.

बाबा नांदेडला गेले ते बहात्तरच्या दुष्काळात. मी तेव्हा मायच्या कडेवरून नुकतीच उतरले होते. आमच्याकडं जमीन नव्हती, दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि खायचं. पण रानच उघडं पडलं. मालकाच्याच चुलीत जाळ नाही, तिथं मजुराला कोण बोलावणार? वस्तीतला एक जण नांदेडच्या कापड मिलमध्ये आधीच लागला होता, त्यानं बाबांना नेलं. "पाऊस पडला की येतो," असं सांगून गेले. पाऊस पडला, पुढच्या सालीही पडला, आणि बाबा सुट्टीपुरतेच येत राहिले. पाऊस पडून ज्वारी उगवते, काम थोडंच उगवतं?

त्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. गावापासून मुरुडच्या रस्त्यापर्यंत दुष्काळी काम निघालं होतं. आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेली माणसं, गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. मजुरी आम्हाला नवी नव्हती. नवं होतं ते वरच्या आळीतल्या बाया खडीवर येऊन बसल्या ते. ज्यांनी कधी उंबरा ओलांडून पाणीसुद्धा आणलं नव्हतं त्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून हातोडी धरायच्या आणि स्वतःच्याच अंगठ्यावर मारून घ्यायच्या. त्यातल्याच एक आक्का. वरच्या आळीतल्या मोठ्या घरची थोरली सून, गाव सगळं त्यांना आक्काच म्हणायचं. मायच्या शेजारी त्यांची जागा आली.

"लई घट्ट धरू नका, आक्का," माय म्हणाली म्हणे. "दगड फोडायचाय, दगडावर राग न्हाई काढायचा."

आक्का पदराआडून म्हणाल्या, "माझा राग कुणावर हाय ते तुला काय मालूम?"

तिथून दोघींचं जमलं. कामावर दुपारी सुकडी वाटायचे, भाजलेल्या पिठाची गोडसर भुकटी, सरकारनं दुष्काळासाठी पाठवलेली. सुकडीची पोती ठेवायला चावडीमागं पत्र्याचं शेड उभं केलं होतं. दोघी आपापल्या पदरात सुकडी घेऊन खडीच्या एकाच ढिगावर बसून खायच्या. आक्काच्या घरी हे कळलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण घरचे तरी कुठल्या तोंडानं विचारणार? त्यांच्या पोटात पण तीच सुकडी होती.

दुष्काळ गेला. शेड तेवढं राहिलं, रिकामं. आणि गावही हळूहळू तसंच व्हायला लागलं. कोष्ट्याचा माग बंद पडला, तेल्याचा घाणा कुणीतरी बैलगाडीत घालून घेऊन गेलं, बुरुडाच्या दाराला कुलूप लागलं. सकाळची एसटी भरून जायची, संध्याकाळची निम्मी रिकामी यायची. गावात उरले म्हातारे, बाया, पोरं आणि काळं रान. रानात तूर मात्र झकास यायची. ती तूर पोत्यात भरून लातूरच्या मार्केटला जायची, तिथं तिची डाळ व्हायची, आणि तीच डाळ आम्ही मुरुडच्या बाजारातून विकत आणायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसलं.

मग लातूर जिल्हा झाला. शाळेत आम्हाला रेवड्या वाटल्या. पुढाऱ्यांची भाषणं झाली. आता रस्ते येणार, विजेचे खांब येणार, कारखाने येणार, पोरांना गावातच काम मिळणार. मी तेव्हा मोठी झाले होते, भाषण ऐकून हरखून घरी आले. माय भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जिल्हा झाला, चांगलं झालं. मग तुझा बाप येतो का?" मला तिचा इतका राग आला! पण विचार केला तर तिनं सबंध सभेत कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला होता.

त्याच हिवाळ्यात मुरुडच्या बाजारात आक्कानं डाळीच्या ढिगात हात घातला आणि माल परत टाकला. "ही डाळ हाय का कोंडा? आपलीच तूर अन् आपल्यालाच असली डाळ." परत येताना रस्ताभर त्या आणि माय बोलत आल्या. खडी फोडताना जशा बसायच्या तशा एसटीत शेजारी बसून. गावात उतरल्या तेव्हा ठरलं होतं: डाळ गावातच करायची आणि लातूरच्या व्यापाऱ्याला द्यायची. सुकडीचं शेड पंचायतीकडून मागून घ्यायचं, ज्या बाईला यायचं तिनं आपापलं जातं आणायचं.

वरच्या आळीत चर्चा झाली ती वेगळीच. वस्तीतलं जातं आणि आळीतलं जातं एका पत्र्याखाली? आक्का म्हणाल्या, "सुकडी खाल्ली तवा पत्रा येकच होता." तरी पहिल्या दिवशी दाराच्या या अंगाला त्यांची रांग आणि त्या अंगाला आमची. पाण्याचे माठही दोन. थोड्या दिवसांत उजेडाच्या निमित्तानं रांगा मोडल्या, कारण दारापासल्या जागेवर सगळ्यांचाच डोळा होता. मग एक माठ फुटला. कुणी फोडला ते आजतागायत कुणी सांगितलं नाही, मला माझ्या मायवर संशय आहे. दुसरा माठ आणायची मात्र कुणाला फुरसत झाली नाही.

आमची डाळ करायची रीत घरचीच. तुरीला पाणी आणि तांबडी माती चोळायची, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग कडक उन्हात वाळवायची की साल सुटतं. जात्याची वरची तळी जराशी सैल ठेवायची, म्हणजे दाण्याचं पीठ न होता दोन फाका होतात. याला भरडणं म्हणतात. मग सुपात पाखडायचं. मी शाळेतून आले की दप्तर टाकून शेडात जायची. आत शिरलं की आधी काही दिसायचंच नाही, सगळी पिवळी धूळ, आणि त्या धुळीतून घरघर. प्रत्येकीला आपल्या जात्याचा आवाज वेगळा ओळखू यायचा. एकीनं गाणं उचललं की दुसरी पुढं न्यायची. आळीतली बाई विठ्ठलाचं म्हणायची, वस्तीतली आमचं जयंतीचं, आणि चाल एकच असल्यानं कुणाचं कुठं संपलं ते कळायचं नाही. त्या धुळीत माझी माय हसायची. घरात मी तिला तशी हसताना पाहिलेली नव्हती. आज मला ती डाळ हवी असते असं मी म्हणते खरं, पण मला हवा असतो तो आवाज. आणि धुळीनं पापण्या पिवळ्या झालेली माय.

पहिली डाळ पितळी डब्यात घालून आक्का आणि माय लातूरच्या मार्केटात गेल्या. एका आडत्यानं दाणे तोंडात टाकले, चावले, आणि डोळे मिटून बसला. माणूस वाईट नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, "माल एक नंबर. पण माझा ट्रक सोमवारी हैदराबादला जातो. दर सोमवारी सकाळी माझा टेंपो तुमच्या गावाला येईल, त्याला माल तयार पाहिजे. हा हंगाम वाराला वार धरून माल दिलात, तर पुढं तुमच्या शेडात डिझेल इंजिनावरचं मशीन मी बसवतो. चालवायला माणूस हाय का गावात?"

आक्का विचार करत होत्या. तोवर माय बोलली, "हाय. नांदेडला हाय, पण हाय."

मायनं हे घरी येऊन जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा ती स्वतःच लाजली.

बाबा पुढच्या सुट्टीला आले ते आधी घरी नाही, शेडात गेले. बाबांना मशीनचं भारी वेड. मुरुडला पिठाच्या चक्कीसमोरून जाताना ते थांबायचे, कान द्यायचे आणि म्हणायचे, "मस्त चालून राहिली." माय म्हणायची, "एखादा गाणं ऐकतो, ह्यांचं आपलं हे." त्या दिवशी त्यांनी शेडाचा मागचा कोपरा पायानं मोजला, भिंतीवर हात फिरवला, खिडकी कुठं पाडायची ते सांगितलं आणि खडूनं जमिनीवर चौकोन काढला. "इथं बसंल मशीन." त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात कुणी जातं मांडलं नाही, की सूपसुद्धा टेकवलं नाही. माय रोज सकाळी बाकी शेड झाडायच्या आधी तो कोपरा झाडायची.

सोमवारमागून सोमवार टेंपो भरून जात राहिला. होळी झाली. हंगाम संपत आला, एकच खेप राहिली. बाबांनी मिलमध्ये मोठी रजा टाकली आणि ते घरी आले. शेवटची खेप गेली की आडत्याशी बोलायचं आणि नांदेडचं सामान आणायचं, असं त्यांचं आणि मायचं ठरलं होतं. माय मला म्हणाली, "आता हा माणूस परत गेला की फकस्त वळकटी आणायला जाईल."

आणि त्या रविवारी पहाटे आमचे थोरले आजा गेले.

ते बाबांचे चुलते. आमच्याच घरात राहायचे. जुन्या काळात वरच्या आळीत कुणी मेलं की गावोगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचं काम वस्तीकडं असायचं, आणि ते आजांकडं होतं. उन्हापावसात दहा गावं पायी तुडवायची, दारात उभं राहून मेल्याचं सांगायचं, आणि लांबून टाकलेली भाकरी घेऊन परत फिरायचं. धर्म बदलला तसं आजांनी ते काम सोडलं. त्याच सुमाराला आक्काची सासू वारली. आजांना बोलावणं आलं. आजा म्हणाले, "आता ते काम आमी सोडलं." सासूची लेक देवणीच्या बाजूला दिलेली. तिला कळायला उशीर झाला, ती आली तेव्हा माती होऊन गेलेली होती. आईचं तोंड काही तिला दिसलं नाही. आक्काच्या घरानं हे आजांना कधी माफ केलं नाही. माय आणि आक्का इतक्या जवळच्या, पण आजा ओट्यावर बसलेले असले की आक्का आमच्या दारावरून तोंड फिरवून जायच्या.

आता त्याच आजांची लेक बिलोलीला होती, नांदेडच्याही पार. तिला कळवून ती येईपर्यंत माती करता येत नव्हती. बाबा निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात दारात फटफटी थांबली. आक्काचा थोरला मुलगा. म्हणाला, "काका, तुमी घरी थांबा. मी जातो बिलोलीला. आईनं सांगितलंय." आणि गेलासुद्धा. एवढ्या लांब, उन्हातान्हात. बाबा दारात नुसते उभे राहिले. वरच्या आळीचा पोरगा आमच्या घरचा सांगावा घेऊन गेला होता.

घरात बाया रडत होत्या. माय पण रडत होती, आजांनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. पण रडता रडता ती मध्येच थांबायची आणि कान द्यायची. मला वाटलं, बिलोलीच्या गाडीची वाट बघते. तसं नव्हतं. ती शेडाचा कानोसा घेत होती. उद्याच्या खेपेची निम्मी तूर भरडायची राहिली होती. वस्तीतल्या बाया येणार नाहीत हे उघड होतं, पण वरच्या आळीतल्या तर असतीलच. ऊन वर आलं तरी शेडातून घरघर येईना.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं गावात मढं असताना जातं फिरवत नाहीत. माती होऊन माणसं अंघोळ करून घरी येईपर्यंत जातं बंद, चूल बंद. पण ही रीत वरच्या आळीच्या मढ्याची. वस्तीत कुणी गेलं तर वरच्या आळीतलं जातं खुशाल चालायचं. कधी थांबलं नाही. मायच्या सासऱ्याची माती होती त्या सकाळी आळीत लग्नाचं दळण चाललेलं होतं आणि ते गाण्यासकट आमच्या वस्तीत ऐकू येत होतं. माय ते कधी विसरली नव्हती. पण त्या रविवारी तीच माय वाट पाहत होती, की कधी एकदा ते जातं सुरू होतंय.

शेवटी ती उठली. तोंडावर पाणी मारलं आणि शेडाकडं निघाली. मागून बाबा, त्यांच्या मागं मी. शेडात आळीतल्या सगळ्या बाया होत्या, आपापल्या जात्याशी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. आक्का दारात.

"आक्का, बसलात काय?" माय म्हणाली. "उद्या टेंपो हाय."

"गावात मढं हाय, बाय."

बाबा म्हणाले, "आमच्यात हे काही मानत नाहीत, आक्का. आमी सोडलंय सगळं. तुमी करा चालू. आमाला काही वाटणार न्हाई."

"तुमी मानू नका," आक्का म्हणाल्या. "आमी मानतो."

मायचा आवाज चढला. "इतक्या वर्सात वस्तीतल्या मढ्यासाठी कधी थांबलं का तुमचं जातं?"

"न्हाई थांबलं," आक्का म्हणाल्या. "म्हणून तर."

माय त्यांच्याकडं बघत राहिली. मग मागं वळली. आमच्या दारात आल्यावर पायऱ्यांवरच बसली आणि म्हणाली, "आजच सुचली का यांना माणुसकी? उद्या सुचली असती तर काय बिघडलं असतं?" हे म्हणताना ती रडत होती, आणि आता कुणासाठी रडते ते मला सांगता आलं नसतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

सोमवारी सकाळी टेंपो आला. निम्मा माल घेऊन गेला. दुपारी बिलोलीची लेक आक्काच्या मुलाबरोबर आली, तिनं बापाचं तोंड पाहिलं, आणि माती झाली. वरच्या आळीची माणसं मातीला आली होती. पहिल्यांदाच. थोरले आजा जिवंत असते तर त्यांनी ते बघून काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक. बहुतेक, "बघा, मेल्यावर आले," असंच काहीतरी तिरकं.

त्या आठवड्यात आडत्या स्वतः आला. शेडात बसला, पाणी प्याला. बाबा कोपऱ्यातल्या खडूच्या चौकोनाजवळ उभे होते. आडत्या चांगलंच बोलला. "तुमचं दुःख मला कळतंय. एक खेप अपुरी आली, मला बोलणी बसली, ते मी सोडून देतो. माझं फक्त एवढंच विचारणं हाय. गाव म्हटलं की माणूस मरणारच. मी मशीन बसवलं, अन् पुन्हा सोमवारच्या तोंडावर असं झालं, तर मशीन थांबवणार का?"

सगळ्या बाया आक्काकडं बघत होत्या. मायचे डोळे तर त्यांच्या तोंडावरून हलेनात. 'न्हाई' एवढं एकच म्हणायचं होतं. पुढचं पुढं बघता आलं असतं.

"थांबवणार," आक्का म्हणाल्या.

"गावातल्या कुणाच्या पण मातीला?"

"कुणाच्या पण. वर-खाली, सगळ्यांच्या."

आडत्यानं मान हलवली. "मग मला परवडायचं न्हाई, बाई." मशीन त्यानं हमरस्त्यावरच्या एका गावाला दिलं. तिथं कुणी मेलं की मशीन थांबायचं का, मला माहीत नाही. थांबत नसणार.

बाबा सकाळच्या एसटीनं गेले. जाताना शेडावरून गेले, पण आत डोकावले नाहीत. माय त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत गेली आणि परत येताना वाटेत आक्का भेटल्या तेव्हा सरळ पुढं निघून आली. कितीतरी दिवस दोघी बोलल्या नाहीत. एकदा माझ्याशी म्हणाली, "खोटं बोलल्या असत्या तर मी सात जल्म त्यांचे पाय धुतले असते." थोड्या वेळानं म्हणाली, "पण खोटं बोलल्या असत्या तर त्या रविवारी बसल्या ते पण खोटंच झालं असतं." मग पातेलं आपटून आत गेली. पुढं त्या बोलायला लागल्या, पण शेडाचा विषय दोघींनी कधी काढला नाही. एकेक जातं बैलगाडीतून आपापल्या घरी गेलं. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बाया काही वर्षांत लातूरच्या डाळमिलवर कामाला लागल्या, आळीतल्या दोघीतिघीही. गावातल्या तुरीपाठोपाठ गावातल्या बाया गेल्या. मी पण शिकून लातूरलाच आले.

बाबा नांदेडला राहिले. मिल बंद पडली तेव्हा दुसरीकडं वॉचमन झाले. "पुढल्या साली येतो कायमचा," असं दर दिवाळीला म्हणायचे आणि माय दर दिवाळीला "बरं" म्हणायची. ते आले ते जीपमध्ये, आडवे, पांढऱ्या कापडात.

तोवर गावात वीज येऊन जुनी झाली होती. शेडात आक्काच्या नातवानं, बाबा शेवटच्या दिवाळीला येऊन गेल्यावर, पिठाची चक्की टाकली होती, नेमकी त्याच मागच्या कोपऱ्यात, कारण बाबांनी सांगितलेली खिडकी तिथंच पाडायला सोपी होती. आमची जीप वस्तीत शिरली तेव्हा चक्कीचा आवाज येत होता. आम्ही बाबांना ओसरीवर ठेवलं आणि आवाज थांबला. थोड्या वेळानं आक्का आल्या, काठी टेकत, कमरेत वाकलेल्या. मायच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "बंद करायला लावली," म्हणाल्या. "माती होईपर्यंत चालायची न्हाई."

माय रडत नव्हती. बराच वेळ बाबांच्या तोंडावरच्या कापडाकडं बघत बसली होती. मग म्हणाली, "आक्का, चालू करायला सांगा."

"बाय, गावात मढं हाय."

"हाय ना. घरी आलंय," माय म्हणाली. "त्यांना मशीनचा आवाज लई आवडायचा. आपल्या गावातलं मशीन त्यांनी कधी ऐकलं न्हाई. येवढं येकदा ऐकू द्या."

ज्या बाईनं हातातोंडाशी आलेलं मशीन जाऊ दिलं पण मढं असताना जातं फिरवू दिलं नाही, ती बाई माझ्या मायकडं बघत होती. मग आक्कानं काठी टेकली आणि उठल्या. चक्की रिकामी फिरवता येत नाही, म्हणून जाताना आमच्याच घरातलं ज्वारीचं डालगं माझ्या हातात दिलं. मी त्यांच्या मागून शेडात गेले. त्यांनी स्वतः ज्वारी ओतली आणि नातवाला म्हणाल्या, "दाब खटका."

मी पळत घरी आले. पट्टा फिरायला लागला होता, घरघर आमच्या ओसरीपर्यंत पोचली होती. मायनं हात पुढं केला आणि बाबांच्या कानावरचं कापड बाजूला सारलं.